बाथरूम न फोडता लीकेज सापडलं, ठाण्यातला अनुभव (मोठा आहे, चहा घेऊन बसा)

खालच्या काकूंच्या बाथरूमचं सीलिंग डिसेंबरपासून गळत होतं आणि फेब्रुवारीपर्यंत आमच्या दोन घरांचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. संक्रांतीचा तिळगूळ लिफ्टमध्ये दिला गेला, घरी बोलावून नाही, यावरून काय ते समजा.

आम्ही मानपाड्याला राहतो, १९९८ ची सोसायटी, सात मजले, आमचं घर तिसऱ्यावर. बाथरूम आम्ही २०११ मध्ये नवीन केलं होतं, तेव्हा जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिक) टाकलं. किचनची लाइन अजून जुनीच जीआय आहे (त्याचं पुढे येईल). ज्यांनी लीकेज शोधून दिलं त्यांचं नाव इथे टाकत नाहीये, कारण त्यांनीच सांगितलं की दोघंच जण आहोत, ओळखीतूनच काम घेतो, अनोळखी फोन आले की उचलायला वेळ नसतो. पण ते काय करतात, कसं करतात, किती घेतात आणि कुठे कमी पडले हे लिहिते, म्हणजे तुम्ही दुसऱ्या कोणाला बोलावलंत तरी समोरचा खरंच शोधतोय की नुसता मशीन फिरवतोय हे कळेल.

आधी आमचा मूर्खपणा सांगून टाकते.

पहिला आला सोसायटीचा नेहमीचा प्लंबर. त्याने खाली जाऊन बघितलं, वर येऊन नहाणी ट्रॅपच्या (जमिनीवरचं पाणी जायची जाळी) बाजूला टाचेने दोनदा ठोकलं, आणि निकाल दिला, वॉटरप्रूफिंग गेलंय, पूर्ण फोडावं लागेल. किती? पंचाहत्तर हजार, टाइल्स तुमच्या. काकूंकडे पाणी बरोब्बर आमच्या ट्रॅपच्या खालीच टपकत होतं त्यामुळे आम्हालाही पटलं, पण पंचाहत्तर हजार ऐकून नवऱ्याने "बघू" म्हटलं, आणि आमच्या घरात "बघू" म्हणजे निदान महिना.

दुसरा एक वॉटरप्रूफिंगवाला, जाहिरातीत "फ्री इन्स्पेक्शन" असं मोठ्या अक्षरात. मोबाइलला लावलेला छोटा थर्मल कॅमेरा घेऊन आला, काकूंच्या सीलिंगवर धरला, निळा डाग दाखवला, "बघा मॅडम, पाणी." अरे बाबा, पाणी आहे हे काकूंच्या बादलीलाही माहितीये, ते येतंय कुठून ते सांग ना. त्यावर त्याने इपॉक्सी ग्राउटिंग सुचवलं, फोडाफोड नाही, अकरा हजार. केलं. टाइलचे सगळे सांधे खरवडून नवीन भरले, बाथरूम दोन दिवस बंद, आम्ही तिघं शेजारच्या वहिनींकडे आंघोळीला. पाणी काही थांबलं नाही. फोन केला तर म्हणे आता केमिकल इंजेक्शन करावं लागेल, त्याचे वेगळे.

तिसरी शहाणी मी स्वतः. आमच्या घरी आरओसाठी घेतलेलं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन आहे, तर मी काकूंच्या बादलीतलं पाणी मोजलं. नळाचं आमच्याकडे ८०-९० येतं, बादलीतलं आलं सहाशेच्या वर. मी लगेच जाहीर केलं की हे साबणाचं पाणी आहे, म्हणजे ड्रेनचं, म्हणजे प्लंबर बरोबर होता. फॅमिली ग्रुपवर फोटोसकट टाकलं. अंगठे आले.

मग फेब्रुवारीत नवऱ्याच्या मावसभावाचं लग्न होतं वाईला, पाच दिवस घर बंद. आल्यावर जिन्यात काकू भेटल्या, "अगं, तुम्ही नव्हतात तरी टपकतच होतं हो, बादली रोज तेवढीच भरत होती, अर्धी." मी तेव्हा फक्त सॉरी म्हटलं आणि वर आले. त्या एका वाक्यात अर्धं उत्तर होतं, पण मला ते ऑफिसमधल्या मैत्रिणीने या लोकांचा नंबर दिल्यावर कळलं.

म्हणजे झालं असं की फोन लावला, पलीकडच्या माणसाने (त्याच्या बरोबरचा मुलगा त्याला दादा म्हणत होता, आपणही दादाच म्हणू) रेट सांगायच्या आधी प्रश्न विचारले. डाग कधीपासून? सकाळी आंघोळी झाल्यावर वाढतो की दिवसभर सारखाच? पावसाळ्यात होता का? वरच्या मजल्यावर काही काम झालंय का? आणि घर बंद असताना काय झालं? मी वाईचं सांगितलं. तो म्हणाला, "निघताना मेन कॉक बंद केला होता?" नाही. "मग ताई, नव्वद टक्के ड्रेन नाही. ड्रेनचं पाणी वापरल्याशिवाय कुठून येणार? घरात माणूस नसताना रोज तेवढंच येतंय म्हणजे प्रेशरची लाइन आहे." मी माझं टीडीएसचं संशोधन सांगितलं तर हसला. पाणी स्लॅबमधून झिरपत येताना काँक्रीटमधला चुना घेऊन येतं, त्यामुळे खाली मोजलेलं टीडीएस वाढलेलंच दिसणार, पाणी कुठलंही असो. काकूंच्या सीलिंगवर त्या टपकण्याच्या जागी पांढरी पांढरी मेणासारखी गाठ आली होती, तो तोच चुना. ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायची वेळ निघून गेली होती.

एक गोष्ट मात्र त्याने फोनवरच सांगायला हवी होती आणि सांगितली नाही, ती पुढे लिहिते. तिथेच मी एक स्टार कापलाय.

इंटरनेटवर लीकेज शोधायचं म्हटलं की पहिला उपाय असतो, सगळे नळ बंद करा आणि पाण्याचा मीटर फिरतोय का बघा. आपल्याकडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये हे साफ बाद. अख्ख्या बिल्डिंगला एकच मीटर, महापालिकेचं पाणी आधी खालच्या टाकीत, तिथून पंपाने गच्चीवर, गच्चीवरून डाऊनटेक लाइनने घरोघर. माझ्या घरात रोज अर्धी बादली जातेय हे कुठल्याही मीटरवर दिसणार नाही, बिलावर तर नाहीच. म्हणून आपल्याकडे हे प्रकरण नेहमी खालच्याच्या सीलिंगवरून उघडकीला येतं, आणि भांडणानेच सुरू होतं.

शनिवारी अकराची वेळ दिली होती, आले साडेबाराला. डोंबिवलीहून येतात, माजिवड्याला अडकले, घोडबंदर रोडला आणि मेट्रोच्या कामाला शिव्या घालून झाल्या, ते ठीक आहे, ठाण्यात राहून याबद्दल कोणाला बोलणार. पण एक फोन करता आला असता. काकू अकरापासून साडी नेसून, बाथरूम धुऊन बसल्या होत्या.

सुरुवात त्यांनी काकूंकडे केली, आमच्याकडे नाही. हे मला आवडलं. हातात दोन पिना असलेला मॉइश्चर मीटर, तो सीलिंगला आणि भिंतीला टोचत टोचत मुलगा आकडे सांगत होता आणि दादा चक्क पेन्सिलने सीलिंगवर लिहीत होता. काकू म्हणाल्या, "अहो, रंग?" तर दादा म्हणाला, "मावशी, रंग तर गेलाच आहे ना." काकू हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आकडे टक्क्यात येतात पण तो म्हणाला ते टक्के लाकडासाठीचे असतात, सिमेंटवर खरे धरायचे नाहीत, फक्त कुठे जास्त कुठे कमी एवढंच बघायचं. आणि गंमत अशी की सगळ्यात मोठे आकडे टपकण्याच्या जागेवर नव्हतेच! ते होते विरुद्ध बाजूच्या भिंतीच्या कडेला, म्हणजे वर आमचा गीझर आहे तिथे. ट्रॅपपाशी फक्त पाण्याला बाहेर पडायला वाट होती. आपल्या बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, संक, त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला. एकीकडून शिरलेलं पाणी त्यात डबक्यासारखं साचतं आणि जिथे भोक मिळेल तिथून खाली उतरतं. प्लंबर टाच मारत होता ते त्या भोकावर.

मग वर आमच्याकडे. थर्मल कॅमेरा यांच्याकडेही होता, चांगला पिस्तुलासारखा धरायचा, पण दादाने तो काढतानाच सांगितलं, "हा पाणी दाखवत नाही, फक्त गार-गरम दाखवतो. ओलं असेल तर वाळताना गार पडतं म्हणून निळं दिसतं. एसीच्या वाऱ्यानेही निळं दिसतं." फ्री इन्स्पेक्शनवाल्याचे निळे डाग आठवले आणि अकरा हजारही आठवले. गीझर चालू करून पंधरा मिनिटं गरम पाणी सोडलं, आणि भिंतीच्या आतली गरम पाण्याची लाइन स्क्रीनवर पिवळ्या रेघेसारखी उमटली, अगदी एक्स-रे काढल्यासारखी. खरंच बघण्यासारखं होतं, सासूबाईंनाही बोलावलं. गीझरच्या खाली रेघ जरा पसरट दिसत होती, शाई फुटल्यासारखी. मी म्हटलं सापडलं! दादा म्हणाला, "नाही ताई, हा फक्त संशय. टाइलमागे माल जाड-पातळ असेल तरी असं दिसतं." आणि बाजूला एक लालसर बाई दिसत होती ती मीच निघाले, चकचकीत टाइलमध्ये अंगातल्या उष्णतेचंही प्रतिबिंब पडतं म्हणे.

यानंतर जे केलं ते खरं काम, आणि त्यात काहीच बघण्यासारखं नव्हतं.

प्रेशर टेस्ट. मेन कॉक बंद केला, शॉवर, मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारा नळ), बेसिन, जेट स्प्रे, गीझरचे दोन्ही पाइप, सगळं काढून प्रत्येक पॉइंटला प्लग मारला, थंड आणि गरम लाइन एकमेकांपासून तोडली. मग एक हातपंप आणि गेज. साधारण दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर असा हिशोब, टाकी सातव्या मजल्याच्या वर आणि आम्ही तिसऱ्यावर म्हणजे आमच्याकडे रोजचं प्रेशर दीड किलोच्या आसपास. त्यांनी चार किलो भरलं. थंड लाइन वीस मिनिटं, काटा हलला नाही. मग गरम लाइन. पाच मिनिटांत चारवरून तीनवर, दहा मिनिटांत अडीचच्या खाली. दादाने लगेच उडी मारली नाही, आधी सगळ्या प्लगना टिश्यू पेपर लावून बघितलं, कारण प्लगच गळत असेल तर गेज खोटं बोलतं. टिश्यू कोरडे. परत भरलं, परत उतरलं.

बस. त्या काट्याने दोन महिन्यांचं भांडण दहा मिनिटांत संपवलं. थंड लाइन नाही, गरम लाइन. त्याक्षणी पंचाहत्तर हजारांचं काम रद्द झालं होतं.

आणि इथे ती स्टार कापलेली गोष्ट. मी विचारलं, हे घरच्या घरी कळलं असतं का? तर दादा सहज म्हणाला, "गीझरचा इनलेट कॉक एक-दोन दिवस बंद ठेवायचा आणि खाली टपकणं कमी होतं का बघायचं. कमी झालं तर गरम लाइन." अहो दादा!! हे फोनवर का नाही सांगितलं? गीझरची लाइन चोवीस तास भरलेली आणि प्रेशरखाली असते, गीझर बंद असला तरी. कॉक बंद केला की लाइनला मागून पाणी मिळत नाही, गळती आपोआप मंदावते. फुकटची टेस्ट. त्याचं म्हणणं असं की संकमध्ये पाणी साचलेलं असलं की टपकणं लगेच थांबत नाही, लोक चार तास बघून "नाही हो, दुसरंच काहीतरी आहे" म्हणतात आणि गोंधळ वाढतो. असेल. तरी सांगावं. तुम्ही मात्र कोणालाही बोलवायच्या आधी हे करा, दोन-तीन दिवस धीर धरा, आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. तसंच पुढे फ्लश टँकचा अँगल कॉक, मग बेसिनचा, एका वेळी एकच.

आता लाइन कळली पण जागा? गरम लाइन गीझरपासून मिक्सरपर्यंत आणि तिथून बेसिनपर्यंत जाते, सगळी भिंतीच्या आत. आधी आवाजाचं मशीन लावलं, भिंतीला मायक्रोफोन, कानाला हेडफोन. पंखे बंद, फ्रिज बंद, सासूबाईंची मालिका बंद (हे सगळ्यात अवघड), सोसायटीचा पंप वॉचमनला सांगून बंद. तरी काही नीट ऐकू येईना. वरच्यांनी फ्लश केला की दादा दचकून हेडफोन काढायचा. त्याने सरळ कबूल केलं की एवढ्या बारीक गळतीला आवाजच नसतो, हे मशीन मोठ्या प्रेशरच्या लाइनला, जमिनीखालच्या पाइपला चांगलं. लाइनमध्ये कॉम्प्रेसरने थोडी हवा सोडून परत ऐकलं, मग म्हणाला गीझरकडची बाजू वाटतेय, पण लिहून देणार नाही.

मग गॅस. हे मी पहिल्यांदाच बघितलं. लाइनमधलं पाणी काढून टाकलं आणि एका छोट्या सिलिंडरमधून गॅस भरला, पाच टक्के हायड्रोजन आणि पंच्याण्णव टक्के नायट्रोजन. हायड्रोजन ऐकून सासूबाई उठून हॉलमध्ये गेल्या, पण एवढ्या कमी प्रमाणात तो पेट घेत नाही, म्हणूनच तेवढंच मिश्रण वापरतात. हायड्रोजनचा रेणू अगदी लहान, त्यामुळे जिथून पाणीसुद्धा जेमतेम झिरपतं तिथून हा आरामात निघतो, आणि सिमेंटमधून वर येतो. खिडकी आणि एक्झॉस्ट बंद करून वीस मिनिटं थांबायचं, मग पेनासारखं सेन्सर टाइलच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवायचं. बेसिनपाशी शांत. मिक्सरपाशी शांत. गीझरच्या आउटलेटच्या बाजूच्या सांध्यावर आलं आणि जे काही किंचाळायला लागलं! तिथे मार्करने फुली.

फुली बघितली आणि नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दिवाळीत आम्ही गीझर बदलला होता. नवीन गीझरचे पॉइंट जरा वेगळ्या अंतरावर होते, तर फिटिंगला आलेल्या मुलाने पाना लावून पाइप असा काही आवळला होता की भिंतीत कट्ट आवाज आला होता. आम्ही दोघांनी ऐकला होता तो आवाज! पण पाणी बाहेर दिसलं नाही म्हणून विसरलो. दिवाळीत आवाज, डिसेंबरमध्ये काकूंकडे डाग, आणि आम्ही तीन महिने ट्रॅपवर संशय घेत बसलो.

हे लोक रिपेअर करत नाहीत. आधी मला हे वैतागवाणं वाटलं, आता मी हाच त्यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणेन. जो शोधायला येतो त्यालाच पुढे वॉटरप्रूफिंग विकायचं असेल तर त्याला शोधताना वॉटरप्रूफिंगच सापडणार, दुसरं काय सापडेल. यांना आमचं बाथरूम फुटो न फुटो, पैसे तेवढेच.

दुसऱ्या दिवशी आमचा तोच जुना प्लंबर बोलावला (तो जरा गप्प होता). फुलीच्या जागची टाइल फोडली तर पाइप ओला पण जॉइंट ठणठणीत. माझ्या पोटात गोळा. दादाला व्हिडिओ कॉल लावला, तो म्हणाला खालची टाइल काढा, गॅस हलका असतो, मागच्या पोकळीतून वर चढून जिथे सांधा मिळाला तिथून बाहेर आला असणार, चकचकीत टाइलमधून तर तो येत नाही. खालची काढली, चार इंचावर ब्रास एल्बो (पाइप वळवायचा जोड), सीपीव्हीसीच्या अंगाला केसासारखा तडा, त्यातून घाम सुटल्यासारखं पाणी. एल्बो बदलला, तुकडा बदलला, आणि टाइल लावायच्या आधी मी हट्टाने दिवसभर लाइन उघडी ठेवून बघितली. एका फुलीच्या दोन टाइल झाल्या, याची सूचना रिपोर्टमध्ये एका ओळीत हवी होती. अर्धा स्टार त्याचा. २०११ ची टाइल आता कुठे मिळणार, चार दुकानं फिरलो, शेवटी दोन निळ्या डिझाइनच्या लावल्या, मुद्दाम वेगळ्या. सासूबाई म्हणतात गीझरला गंडा बांधल्यासारखं दिसतं.

खर्च सांगते, सगळे हेच विचारतात. व्हिजिट, मॉइश्चर, थर्मल आणि प्रेशर टेस्ट मिळून साडेसहा हजार. गॅसचे वेगळे तीन हजार, ते आधी विचारून मगच सुरू केलं. प्लंबरचे सामानासकट चार हजार दोनशे, टाइल्सचे किरकोळ. म्हणजे चौदा हजारांच्या आत. महाग आहे का? नुसतं "कुठे गळतंय ते सांगायचे" साडेनऊ हजार हे ऐकायला महागच वाटतं, नवरा अजून म्हणतो. पण त्याच माणसाने अकरा हजार ग्राउटिंगला दिले होते तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं, कारण तिथे काहीतरी "काम" झालेलं दिसत होतं.

आता त्यानंतरचा भाग, जो कोणीच लिहीत नाही. पाइप दुरुस्त झाला तरी काकूंकडे टपकणं थांबलं नाही. पहिला आठवडा अगदी तसंच. काकू वर आल्या, आवाज परत जुना, "झालं म्हणालात ना?" संकमध्ये तीन महिन्यांचं पाणी साठलेलं, ते उतरायला वेळ लागणारच, हे रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, चार ते सहा आठवडे. तो कागद मी काकूंना दिला आणि सेक्रेटरींनाही दिला. तीन पानी पीडीएफ, इंग्रजी अगदीच दिव्य आहे, पण थंड लाइन वीस मिनिटं स्थिर आणि गरम लाइन उतरली हे गेजच्या फोटोसकट आहे. सेक्रेटरींना तो बरा पडला कारण आतल्या पाइपचं, संडास-बाथरूमचं लीकेज म्हणजे खर्च मेंबरचा, आणि बाहेरची कॉमन लाइन किंवा गच्चीचं असेल तर सोसायटीचा, आणि इतके दिवस नवरा जोरात सांगत होता की डक्टमधल्या पाइपचं आहे, सोसायटीने करावं. ते मिटलं. काकूंचा रंग आम्ही करून देणार हेही ठरलं, मीच म्हटलं.

रिपोर्टमध्ये शेवटी असंही लिहिलंय की ड्रेन आणि वॉटरप्रूफिंग तपासलेलं नाही. मी विचारलं का नाही तपासलं, एवढे पैसे दिले तर. उत्तर पटलं. संक आधीच पाण्याने भरलेलं असताना ट्रॅप बुजवून पाणी तुंबवून ठेवायची टेस्ट केली, त्यात रंग टाकला, तरी खाली जे येईल ते नवीन की जुनं कसं सांगणार? आधी वाळू द्या, मग करू. दोन दोष एकत्र असू शकतात, एक बंद केल्यावरच दुसरा दिसतो.

किचनची गंमत राहिली. मी म्हटलं आलाच आहात तर किचनच्या जुन्या जीआय लाइनलाही प्रेशर टाकून बघा. दादाने सकाळचं पहिलं पाणी लालसर येतं का विचारलं, येतं म्हटल्यावर दोन किलोच्या वर भरायला साफ नकार दिला. "जुन्या जीआयला जास्त दाबलं तर नसलेलं लीकेज आपणच करून ठेवू." दोन किलोवर टिकली. पण दिवस मोजतेय म्हणाला, किचन कधी फोडाल तेव्हा पहिली तीच लाइन काढा. नवरा "बघू" म्हणाला.

पाच आठवड्यांनी ते परत मीटर घेऊन आले, त्याचे आठशे घेतले (आधी सांगितलं नव्हतं, पण वाद घातला नाही). जुन्या पेन्सिलच्या आकड्यांच्या बाजूला नवीन आकडे लिहिले, भिंतीकडचे सगळे निम्म्याच्या खाली आले होते, ट्रॅपपाशी अजून थोडं जास्त. टपकणं तिसऱ्या आठवड्यातच बंद झालं होतं. ट्रॅप बुजवून, लाल रंग टाकून पाणी चोवीस तास तुंबवलं, खाली एक थेंब लाल आला नाही. म्हणजे २०११ चं वॉटरप्रूफिंग शाबूत होतं आणि आम्ही ते पंचाहत्तर हजार देऊन फोडणार होतो.

एकूण साडेतीन स्टार, नवरा तीन म्हणतो, काकू पाच. पेंटर म्हणतोय लगेच रंगवू नका, पुट्टी धरणार नाही, मेअखेर बघू. त्यामुळे काकूंच्या सीलिंगवर पेन्सिलचे आकडे अजून तसेच आहेत, आणि बादलीसुद्धा काकूंनी तिथून हलवलेली नाही, रोज सकाळी त्यात हात घालून बघतात आणि मला फोन करून सांगतात, "कोरडी आहे गं."